लॅम्प-२ प्रोटीनमुळे क्रॉनिक फटीग होतो का? टेस्ट करावी का?

तुम्ही विचारलंय की वर्षभर थकवा हटत नाहीये, कुठेतरी वाचलं की लायसोसोमच्या पडद्यातलं लॅम्प-२ प्रोटीन बिघडलं की असं होतं, तर नाशिकमध्ये त्याची टेस्ट होईल का. माझं ऐकाल तर त्या टेस्टच्या मागे लागू नका. मला स्वतःला क्रॉनिक फटीगच (महिनोन्महिने न हटणाऱ्या थकव्याचा आजार) आहे आणि आधी बारावीच्या क्लासला बायो शिकवायचो, म्हणून सांगतो.

लायसोसोम म्हणजे पेशीतला खराब माल जिरवणारी ॲसिडने भरलेली पिशवी. तिच्या पडद्यात लॅम्प-१ आणि लॅम्प-२ खच्चून असतात. लॅम्प-२ चे ३ प्रकार, त्यातला ए म्हणजे आपल्या घंटागाडीचं मागचं तोंड समजा, एचएससी-७० नावाचं प्रोटीन खराब प्रोटीन्स ओळखून तिथवर आणतं आणि तिथून ती उलगडून आत जातात.

लॅम्प-२ चा जीनच बिघडला तर डॅनन डिसीज होतो, हे २००० साली कळलं. पण तो आजारच वेगळा, जीन एक्स क्रोमोसोमवर म्हणून पुरुषांना लवकर आणि जास्त त्रास, हृदयाचे स्नायू जाड होतात, हातपाय कमजोर. घरात कोणी तरुणपणीच हार्टने गेलं असेल किंवा तुम्हाला धाप लागत असेल, छातीत धडधडत असेल तर डॉक्टरांना सांगून ईसीजी, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), सीपीके (स्नायूंना इजा झालीय का ते दाखवणारी रक्ताची टेस्ट) करून घ्या, हे सगळं इथेच होतं. क्रॉनिक फटीगवर पेशीच्या पातळीवर काम चालूए, २०२३ ला अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी संशोधन संस्थेवाल्यांना पेशंटच्या स्नायूंत डब्ल्यूएएसएफ-३ हे प्रोटीन जास्त सापडलं (ते लायसोसोमचं नव्हे, पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या कामात आडवं येणारं), पण यातून निदानाची टेस्ट अजून निघालेली नाही. 'ऑटोफॅजी (पेशीने स्वतःचा खराब माल जिरवणं) वाढवा' म्हणत गोळ्या विकतात त्यांना तर लांबूनच नमस्कार.

क्रॉनिक फटीगचं निदान लक्षणांवरूनच होतं. थकवा ६ महिन्यांच्या वर, झोपून उठलं तरी फ्रेश नाही, आणि खरी खूण म्हणजे श्रमानंतर मागाहून कोसळणं. मी पांडवलेणी चढलो तेव्हा वर एकदम मस्त वाटत होतं, दुसऱ्या दिवशी दात घासायला उभं राहवेना. तुमचं असं होतं का ते बघा. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२, शुगर मात्र आधी तपासा, बऱ्याच जणांचं तिथेच सापडतं.

आणि असं कोसळणं होत असेल तर 'कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकला जा, दोन राउंड मार, आळस जाईल' हे ऐकायचं नाही. ब्रिटनच्या नाइस या उपचारांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने २०२१ मध्ये ठरवून व्यायाम वाढवत नेणारी ट्रीटमेंट या पेशंटना देऊ नका असंच सांगितलंय. दमायच्या आधीच थांबायचं, काय केलं आणि कधी कोसळलो ते वहीत लिहायचं आणि ती वही घेऊनच फिजिशियनकडे जायचं, नाहीतर 'टेन्शन घेऊ नका' ऐकून परत येता.