वेग पुरेसा, तरी नाक उचलत नाही

प्रश्न : व्यावसायिक (बिझनेस) जेट विमान धावपट्टीवर पूर्ण वेग घेते, पण नाक न उचलता धावपट्टीच्या टोकापलीकडे जाऊन कोसळते, असे अपघात घडतात. त्यामागे नियंत्रण यंत्रणेतील कोणती कारणे असू शकतात आणि ती आधी लक्षात का येत नाहीत?

उत्तर : विमानाचे नाक उचलण्याचे काम शेपटीकडील आडव्या पृष्ठाला जोडलेला एलिव्हेटर करतो, म्हणून पहिला संशय त्याच्यावर येणे स्वाभाविक आहे. याचे सर्वांत बोलके उदाहरण 31 मे 2014 रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात बेडफर्ड येथे घडले. तेथील गल्फस्ट्रीम जी-फोर विमानाचा गस्ट लॉक, म्हणजे उभ्या विमानाची नियंत्रण पृष्ठे वाऱ्याने आपटू नयेत म्हणून लावले जाणारे कुलूप, उड्डाणाच्या वेळीही लागलेलेच होते आणि विमानातील सातही जण मृत्युमुखी पडले. कुलूप लागलेले असताना थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची शक्ती वाढवणारा दांडा, फार पुढे जाऊ नये अशी योजना होती. प्रत्यक्षात मात्र तो उड्डाणाचा प्रयत्न करता येईल इतका पुढे सरकला. चौकशीतील मला सर्वांत अस्वस्थ करणारी बाब वेगळीच आहे : या वैमानिकांनी आधीच्या 175 उड्डाणांपैकी 98 टक्के उड्डाणांपूर्वी नियंत्रणांची पूर्ण तपासणी केलेली नव्हती. कंट्रोल कॉलम, म्हणजे वैमानिकासमोरील एलिव्हेटर हलवणारा दांडा, पुढे-मागे पूर्ण फिरवून पाहिला असता, तर कुलूप जागेवरच कळले असते.

मात्र एलिव्हेटर मोकळा असूनही अपुरा पडू शकतो. 2 फेब्रुवारी 2005 रोजी न्यू जर्सीतील टेटरबरो येथे चॅलेंजर विमानाचा गुरुत्वमध्य, म्हणजे वजनाचा तोलबिंदू, मर्यादेच्या बराच पुढे असल्याने नाक उचलले गेले नाही, तर 2 सप्टेंबर 2021 रोजी कनेटिकटमधील फार्मिंग्टन येथे सायटेशन विमानाचा पार्किंग ब्रेक पूर्ण सुटलेला नव्हता. चुकीचे ट्रिम, म्हणजे नाकाचा कल राखण्यासाठी आधीच केलेली जुळवणी, हेही असाच परिणाम घडवते. वैमानिकाला जाणवणारे लक्षण या सर्व प्रकारांत जवळपास एकच असल्याने अवशेष आणि उड्डाण-नोंदी तपासण्यापूर्वी एलिव्हेटरवर ठपका ठेवणे मला योग्य वाटत नाही.

आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे अधिक कठीण उत्तर एका प्रवासी जेटच्या अपघातातून मिळते. 8 मार्च 2017 रोजी मिशिगनमधील इप्सिलँटी येथे एमडी-83 विमानाचा एक एलिव्हेटर विमान जमिनीवर उभे असतानाच जोरदार वाऱ्याने अडकून बसला होता; पण त्या रचनेत कॉलम एलिव्हेटरच्या मागील कडेवरील छोटी पट्टी हलवतो आणि एलिव्हेटर हवेच्या दाबाने फिरतो, त्यामुळे जमिनीवरच्या तपासणीत कॉलम नेहमीसारखाच फिरला. नाक उचलत नाही हे कळताच कॅप्टनने निर्णय-वेग (ज्यानंतर सहसा उड्डाण रद्द करत नाहीत) ओलांडलेला असूनही उड्डाण रद्द केले. विमान धावपट्टीबाहेर गेले, तरी आतील सर्व 116 जण वाचले.