आपल्यात मुलींचं काय असतं?

प्रिय चिऊ,

शनिवारी चर्चमधून परत येताना गाडीत तू मागून विचारलंस, "मामाची मुंज झाली, पुण्याच्या दादाची झाली. मग आपल्यात मुलींचं काय असतं?" बाबांनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि रेडिओ बारीक केला. तुझा आवाज रडवेला नव्हता, भांडणाचाही नव्हता. तुला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि म्हणूनच ते मला लागलं. गाडीत दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते आहे. कुठे अडलीस तर बाबांकडून वाचून घे.

इथल्या आयरिश शाळेत सेकंड क्लासमध्ये गेल्यापासून तुझ्या वर्गात वर्षभर हीच तयारी चालली होती. आधी कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे आपल्या चुका कबूल करणं, मग मे महिन्यात फर्स्ट कम्युनियन, म्हणजे फादरांच्या हातून पवित्र भाकर पहिल्यांदा घेणं. पांढरे झगे, डोक्यावरच्या जाळ्या, कोणाचे आजी-आजोबा पार मेयो काउंटीहून येणार, कोणाच्या अंगणात उड्या मारायचा हवेचा किल्ला लागणार, हे सगळं मला तुझ्याकडूनच कळत होतं. तू सगळी गाणी पाठ केलीस. शनिवारी शाळेचा युनिफॉर्म घालून वर्गाबरोबर उभी राहून ती म्हटलीसही. मग रांग उठून फादरांपुढे गेली आणि तू बाकावर बसून राहिलीस. मी चार रांगा मागे होते. तुझी वेणी दिसत होती आणि मांडीखाली घेतलेले दोन्ही हात. थंडी वाजली की तू घेतेस तसे. त्या दिवशी थंडी नव्हती.

तुझ्या टीचरनी सप्टेंबरमध्येच विचारलं होतं, धर्माच्या तासाला हिला वेगळं बसवायचं का? इथल्या राज्यघटनेने तो हक्क दिलेला आहे. काही आईवडील तसं सांगतात आणि त्यांची मुलं त्या वेळात मागे बसून चित्रं रंगवतात. मी नको म्हटलं. आयर्लंडमध्ये दहातल्या जवळजवळ नऊ प्राथमिक शाळा कॅथलिक आहेत, तेव्हा घराजवळची शाळा बहुधा तीच असते. २०१८ मध्ये कायदा बदलला. त्याआधी जागा कमी असल्या की बाप्तिस्मा झालेल्या मुलांना आधी घ्यायचे. लतामावशी तेव्हा इथे होती, तिला विचार. पण शाळा नाइलाजाने मिळाली म्हणून आपण तिच्यात नाइलाजाने वावरावं, असं मला वाटत नाही. फेब्रुवारीत तू लव्हाळ्याच्या पात्यांचा सेंट ब्रिजिडचा क्रॉस विणून आणलास. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, गरिबांसाठी पैसे जमवणाऱ्या त्रोकरा संस्थेचा पुठ्ठ्याचा डबा आणलास आणि आल्यागेल्या प्रत्येकाला त्यात पैसे टाकायला लावलेस, कुरिअरवाल्यालासुद्धा. तो क्रॉस आपल्या देवघराशेजारी आहे आणि तिथेच राहील.

मला हे परकं वाटत नाही, कारण मीही अशाच शाळेत वाढले. नाशिकरोडला माझे वडील, तुझे नाना, नोटांच्या छापखान्यात होते आणि मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं होतं. सकाळी प्रार्थना व्हायची, मग कॅथलिक मुली कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाला, दुसऱ्या वर्गात जायच्या आणि उरलेल्या आम्ही मॉरल सायन्सच्या पुस्तकातला धडा वाचायचो. उरलेल्या म्हणजे वर्गातल्या तीन चतुर्थांश मुली. तुझ्या-माझ्यात फरक एवढाच, की मी उरलेल्यांमध्ये असूनही एकटी नव्हते. फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा भरली की आजी मला घेऊन जायची. कॉलनीतल्या बायका जायच्याच. आजी मेणबत्ती लावायची, पण आधी चपला काढून, डोक्यावरून पदर घेऊन. कोणी हटकलं नाही तिला कधी.

आता मुंजीचं. मामा आठ वर्षांचा होता, मी दहाची. मुंज आठव्या वर्षी करायची जुनी पद्धत आहे आणि तुझ्या मैत्रिणीही सात-आठ वर्षांच्याच, ते मला शनिवारी चर्चमध्ये बसल्या बसल्या जाणवलं. तुम्हाला धर्माच्या तासाला सांगितलं की नाही कोण जाणे, पण पूर्वी कम्युनियन बऱ्याच मोठ्या वयात व्हायचं. १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी ते साधारण सातव्या वर्षावर आणलं. म्हणजे इतकी जुनी वाटणारी गोष्टही कोणीतरी ठरवून बदललेली आहे.

मामाच्या मुंजीत मी करवली होते. हिरवं रेशमी परकर-पोलकं, गजरा, आणि हातात करा धरून उभं राहायचं काम. मला ते फार आवडलं होतं, हेही तुला सांगायला हवं. पहाटे मातृभोजन झालं, आजीने मामाला आपल्या पानातून भरवलं आणि सगळ्या बायकांनी डोळे पुसले. मग त्याचे केस गेले, तो रडला, लंगोटी घालायला लाजला. मंगलाष्टकं झाली, अंतरपाट दूर झाला. पुढे नानांनी आणि त्याने डोक्यावरून उपरणं घेतलं आणि आतल्या आत नानांनी त्याला गायत्री मंत्र सांगितला. मी हातभर अंतरावर होते. उपरणं हलत होतं, आवाज बाहेर येत नव्हता.

मला तो मंत्र आधीच पाठ होता गं. अण्णा, म्हणजे आजीकडे घड्याळाखाली ज्यांचा फोटो आहे ते, रोज पहाटे मोरीजवळ बसून संध्या करायचे आणि मी बाजूच्या खोलीत झोपायचे. ऐकून ऐकून आला. मामाला महिनाभर जमेना तेव्हा त्याला मीच मदत केली. कोणी मला म्हणू नकोस असं म्हटलं नाही, आणि कोणी मला तो सांगितलाही नाही. मामाची संध्या पुढे बंद पडली आणि त्याचं घरात कोणाला काही वाटलं नाही.

मेंदी उतरायच्या आत मी शाळेत गेले. शाळेत मेंदीला बंदी होती. सिस्टरांनी माझे हात उलटसुलट बघितले, कोणाचं लग्न म्हणून विचारलं. मी भावाची मुंज म्हटलं. "अँड व्हॉट डिड यू गेट?" त्या सहज म्हणाल्या. मी म्हटलं, परकर-पोलकं. त्यांनी हसून मला मागच्या बाकावर बसवलं, हेडमिस्ट्रेस येतील तेव्हा हात डेस्कखाली ठेव म्हणाल्या. तुझा प्रश्न ऐकला आणि मला तो बाक आठवला.

तर तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर: आमच्या घरात मुलींचा असा दिवस नव्हता. लहानपणीचं बोरन्हाण मुलगा-मुलगी दोघांचं, तुझंही झालं, फोटो आहेत. त्यानंतर मुलीचं जे काही मोठं असायचं ते थेट लग्नात. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीत मुलींच्याही मुंजी लावतात, बायका पौरोहित्य करतात. तुला हवं असेल तर आपण चौकशी करू. पण मैत्रिणींना झगा मिळाला म्हणून तुझ्यासाठी घाईघाईने एक समारंभ उभा करायचा, हे माझ्या मनाला पटत नाही. आणि न करण्यात माझाच हट्ट आहे का, हेही मला नक्की सांगता येत नाही.

माझ्याकडे होतं ते निराळंच होतं. भोंडला. तू दोन वर्षांची असताना आजीने तुला कडेवर घेऊन फेर धरला होता, तुला आठवणार नाही. अश्विनात, नवरात्र सुरू झालं की कॉलनीत रोज संध्याकाळी एकीच्या घरी. मध्ये पाट, पाटावर खडूने हत्ती काढलेला, त्याला फुलं वाहिलेली, आणि भोवती आम्ही हात धरून गोल. रोज एक गाणं वाढायचं. गाणी सगळी सासरची, माहेरची, रुसव्याफुगव्यांची. अर्थ आम्हाला निम्माच कळायचा. समोरच्या जळगावच्या काकूंकडे भुलाबाई असायची, तिथेही आम्हीच. भटजी नाहीत, मुहूर्त नाही, आणि कोणा एकीचा तो दिवस नाही. माझ्या कॉन्व्हेंटमधल्या दोन कॅथलिक मैत्रिणी दरवर्षी यायच्या. त्यांनी यावं की नाही हे कोणी ठरवत बसलं नाही, त्यांना पाय दुखेपर्यंत नाचायचं होतं.

शेवटी खिरापत. जिच्या घरी भोंडला ती डबा आणून हलवायची आणि बाकीच्यांनी ओळखायचं: गोड की तिखट, खडखडतंय की नाही. ओळखल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. एकदा आजीने वाटली डाळ केली, ती हलवली तरी वाजेना आणि आम्ही अर्धा तास डोकं खाजवत बसलो.

हे कम्युनियनच्या बदल्यात देता येईल असं मी म्हणत नाही. तुझ्या मैत्रिणींना त्या दिवशी अख्ख्या पॅरिशने, म्हणजे चर्चच्या सगळ्या मंडळींनी, उभं राहून म्हटलं, तू आता आमच्यातली. माझ्या हातात करा होता, तुला ते म्हणणारं माझ्याजवळ काय आहे, ते मी अजून शोधते आहे. भोंडल्याच्या गाण्यांतल्या सासवा तुला आवडणार नाहीत, मलाही आता खटकतात. नको वाटलं तर स्पष्ट नको म्हण. मी रुसणार नाही.

पण ऑक्टोबरमध्ये एक दिवस करून बघावं असं मनात आहे. लतामावशीकडे मोठा पाट आहे. तुझ्या वर्गातल्या ज्यांना यायचं त्या येतील, मुलगेही येऊ देत. गाणी मी शिकवते, नको ती गाळू. हत्ती तू काढ, तुझा माझ्यापेक्षा बरा येतो. खिरापत काय करायची तेही तू आणि बाबा मिळून ठरवा, आणि मला अजिबात सांगू नका.

तुझी,
आई