जुने सेल, फुटलेला सीएफएल, उरलेला ऑइल पेंट... कचऱ्यात टाकू का?

नेहमीच्या कचऱ्यात नको, आणि सिंक किंवा टॉयलेटमध्ये तर अजिबातच नको. सगळ्यात जास्त काळजी लिथियम बॅटरीची घ्या, मोबाईल, पॉवरबँक वगैरेची, कारण कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली की आतल्याआत शॉर्ट होऊन पेट घेते, म्हणून दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या. फुगलेली असेल तर टोचायची किंवा दाबायची नाही हां, वेगळी ठेवून लवकर देऊन टाका.

सीएफएलमध्ये थोडा पारा असतो. फुटलाय ना, मग आधी खिडकी उघडा, एसी-पंखा बंद, सगळे दहा-पंधरा मिनिटं खोलीबाहेर. झाडू किंवा व्हॅक्यूम मारू नका, त्याने पारा अजून पसरतो. जाड पुठ्ठ्याने तुकडे उचला, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपा, सगळं झाकणाच्या बरणीत बंद करून धोकादायक कचरा वेगळा घेतात तिथे द्या.

ऑइल पेंट, थिनर पण तिथेच, मूळ डब्यातच, लेबल राहू द्या. आणि जागा वाचवायला उरलेली केमिकल्स एका बाटलीत ओतायचा शहाणपणा प्लीज करू नका, ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनरचं ॲसिड पडलं की क्लोरीन गॅस सुटतो.