पिल्सनर खरंच पाणचट असते का?

तुमचा प्रश्न असा आहे: पिल्सनर या सोनेरी, कडवट बीअरचं नाव काढलं की एक मित्र "पाणचट, काही चवच नाही" म्हणून नाक मुरडतो, दुसरा "बीअर म्हणजे हीच" म्हणतो, मग यांच्यापैकी कुणाचं ऐकायचं, आणि पहिल्यांदा प्यायची तर कोणती?

दुसऱ्या मित्राचं ऐका. चांगली, ताजी पिल्सनर ही माझ्या मते बीअर बनवण्याच्या कलेतली सगळ्यात उंच जागा आहे, आणि तिला पाणचट म्हणणाऱ्या बहुतेकांच्या ग्लासात ती कधी आलेलीच नसते. मी जर्मनीत न्यूरेंबर्गला राहतो. पिल्सनरला जिचं नाव मिळालं ते चेक देशातलं पिल्झेन गाव इथून गाडीने दोनेक तासांवर आहे, त्यामुळे जर्मन आणि चेक अशा दोन्ही तऱ्हा मला सवडीने प्यायला मिळतात, आणि दोन्हीकडच्या लोकांचे वादही ऐकायला मिळतात.

ही शैली जन्मालाच मुळी पिणाऱ्यांच्या रागातून आली. 1838 मध्ये पिल्झेनच्या लोकांनी खराब निघालेल्या बीअरची 36 पिंपं नगरभवनासमोर ओतून दिली. मग गावातल्या बीअर बनवण्याचा हक्क असलेल्या नागरिकांनी एकत्र येऊन नवा कारखाना उभारला आणि शेजारच्या बव्हेरियातून, म्हणजे दक्षिण जर्मनीतून, योसेफ ग्रोल नावाचा तरुण कारागीर आणला. त्याने 5 ऑक्टोबर 1842 रोजी पहिली बीअर लावली, आणि 11 नोव्हेंबरला सेंट मार्टिनच्या दिवशी ती लोकांसमोर आली. बव्हेरियातली लागर, म्हणजे थंडीत सावकाश मुरवलेली बीअर, तेव्हा गडद रंगाची असे. ही मात्र सोनेरी निघाली. जव मोड आणून वाळवताना धूर आणि प्रखर आच थेट लागू न देणारी इंग्रजी पद्धतीची भट्टी, पिल्झेनचं अतिशय हलकं, क्षार जवळजवळ नसलेलं पाणी, आणि जवळच्या झातेत्स भागातले साझ जातीचे हॉप्स (बीअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी वेलीची फुलं), असं सगळं तिथे जुळून आलं. जड पाण्यात हॉप्सचा कडवटपणा खरखरीत लागतो. हलक्या पाण्यात तोच भरपूर असूनही जिभेला बोचत नाही. झातेत्सच्या या हॉप्सच्या मळ्यांना 2023 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलं, ते मला अगदी योग्य वाटतं.

नंतर पिल्झेनवाल्यांनी हे नाव आपल्यापुरतं राखायचा प्रयत्न केला, पण जर्मनीत ते शैलीचं नाव ठरलं आणि जगभर पसरलं. आजच्या गोंधळाचं मूळ इथेच आहे. अमेरिकेत मिलर लाइटच्या डब्यावरसुद्धा 'पिल्सनर' असं छापलेलं असतं. कडवटपणा मोजायचं एक एकक आहे, आयबीयू. पिल्सनर उर्केल, म्हणजे ग्रोलच्या त्या बीअरची आजची वारस, चाळिशीच्या आसपास असते. अमेरिकी लाइट लागर 8 ते 12 मध्ये असतात, शिवाय त्यांत मका किंवा तांदूळ घालून अंग आणखी हलकं केलेलं असतं. अशी बीअर पिऊन कुणी पिल्सनरवर मत दिलं, तर ते मत त्या बीअरपुरतं खरं असेल, पण पिल्सनरबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

कडवटपणा नको म्हणणाऱ्यांशी मात्र माझा खरा वाद आहे. पिल्सनरमधून तो कमी करा म्हणणं म्हणजे मेथीच्या भाजीतून कडूपणा काढून टाका म्हणण्यासारखं आहे. ज्यांना तो खरोखरच सोसत नाही त्यांनी म्युनिककडची हेलेस प्यावी. पिल्सनरची लाट आली तेव्हा म्युनिकच्या श्पाटेन कारखान्याने 1894 मध्ये ती आणली. रंग तोच सोनेरी, पण हॉप्स मागे आणि धान्याची गोडी पुढे. उत्तम बीअर आहे. तिला पिल्सनरच्या जागी बसवू नका एवढंच.

आता जाणकारांमधले वाद. मला जास्त रस यात आहे, कारण इथे दोन्ही बाजूंनी प्यालेलं असतं.

पहिला वाद चेक की जर्मन हा. जर्मन पिल्स (पिल्सनरचंच तिथलं छोटं नाव) फिकट, कोरडी, शेवटाला टोकदार. उत्तरेकडची येफर घ्या, कडवटपणा घोट संपल्यावरही जिभेवर रेंगाळतो. बिटबुर्गर त्या मानाने सौम्य. चेक बीअरमध्ये कडवटपणा तेवढाच किंवा जास्त, पण खाली धान्याचं भरीव अंग असतं. उर्केल बनवताना जव आणि गरम पाण्याच्या मिश्रणातला काही भाग वेगळा काढून तांब्याच्या भांड्यात उकळतात आणि परत मूळ मिश्रणात ओततात, आणि हे तीनदा करतात. वेळ आणि इंधन दोन्ही खाणारं काम आहे, आजच्या माल्टला, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाला, त्याची गरज नाही असं अनेक तज्ज्ञ म्हणतात. मला ते पटत नाही. त्या उकळण्यातून येणारा पावाच्या खरपूस कडेचा वास दुसऱ्या कशातून येताना मी अनुभवलेला नाही. म्हणून माझं मत चेक बाजूला. अल्कोहोल फक्त 4.4 टक्के, तरी ग्लास रिकामा वाटत नाही.

दुसरा वाद डायअसेटिलचा. यीस्ट आंबवताना हे द्रव्य तयार करतं आणि त्याला लोण्यासारखा वास असतो. बीअर थंडीत पुरेशी मुरू दिली की यीस्टच ते परत शोषून घेतं. जर्मन प्रशिक्षण घेतलेला कारागीर त्याचा मागमूस लागला तरी बीअर सदोष म्हणतो. चेक लोकांना थोडंसं चालतं, काहींना हवंच असतं. न्यूरेंबर्गच्या माझ्या ओळखीतले लोक उर्केलला याच कारणावरून नावं ठेवतात. मला त्या किंचित स्निग्धपणाने कडवटपणा गोलसर होतो असं वाटतं. जास्त झालं तर मात्र पुढचा घोट घेववत नाही.

तिसरा फेसाचा. आपल्याकडे ग्लासात फेस जास्त दिसला की गिऱ्हाईक वेटरला बोलावतं. चेक पबमध्ये ओतणारा आधी दाट, ओलसर फेस ग्लासात घेतो आणि नळाचं तोंड त्याच्याखाली बुडवून बीअर भरतो. तीन बोटं फेस राहतो आणि तो बीअरला हवेपासून झाकून ठेवतो. तिथे 'म्लीको' नावाची एक तऱ्हाही आहे, म्हणजे दूध: जवळजवळ सगळा ग्लास फेसानेच भरलेला आणि तो लगेच प्यायचा. गोडसर, मऊ लागतो. जर्मनीत याच्या उलट, चांगली पिल्स ओतायला सात मिनिटं लागतात अशी जुनी समजूत आहे. तोवर बीअर कोमट होते आणि तिच्यातला वायू निघून जातो. या बाबतीत चेक लोकच बरोबर आहेत, यात मला शंका नाही.

आणि मग वय. गडद, जोरकस बीअर काही महिने पडून राहिली तरी तग धरते. पिल्सनरमध्ये जव, पाणी, हॉप्स आणि यीस्ट यांपलीकडे काही नसतं, त्यामुळे जरा बिघाड झाला की तो समोर येतो. उन्हात किंवा दुकानाच्या ट्यूबलाइटखाली हिरवी बाटली ठेवली तर हॉप्समधल्या कडू द्रव्यावर प्रकाशाची क्रिया होऊन उग्र, कुजकट वास सुटतो. तपकिरी काच बराच बचाव करते, डबा पूर्ण करतो. उष्णतेने हॉप्सचा सुगंध उडतो आणि ओल्या पुठ्ठ्याची चव येते. युरोपातून निघून, बंदरात उन्हात थांबून, मग गोदामातून मुंबई-पुण्यापर्यंत पोचलेल्या बाटलीवरून ज्यांचं मत बनलं, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. त्यांना ताजी पाजायला हवी.

महाराष्ट्रात आणखी एक अडचण आहे. पाच टक्क्यांपर्यंतची ती माइल्ड आणि त्यावरची स्ट्राँग, अशी विभागणी डोक्यात पक्की असल्यामुळे पिल्सनर 'माइल्ड' या खान्यात जाते आणि माइल्ड म्हणजे कमी दर्जाची असं मानलं जातं. भारतात स्ट्राँगचाच खप जास्त, कारण दिलेल्या पैशात चढते किती याचा हिशोब होतो. पिल्सनर त्या हिशोबात कायम हरणार. तिच्याकडे चव म्हणून बघा.

आता तुमच्यासाठी. आयात केलेली घेणार असाल तर डबा घ्या, भरल्याची तारीख वाचा, आणि तीन-चार महिन्यांहून जुनी असेल तर सोडून द्या. त्यापेक्षा पुणे, मुंबई किंवा बंगळुरूतल्या एखाद्या मायक्रोब्रुअरीत फळ्यावर पिल्सनर लिहिलेली दिसली तर ती मागवा, पण आधी विचारा किती आठवडे मुरवली. दोन आठवड्यांत उरकलेली असेल तर तिथली गव्हाची बीअर प्या, ती लवकर तयार होते आणि बहुधा नीट जमलेली असते. चार-पाच आठवडे म्हणाले तर पिल्सनरच घ्या. बर्फाळ ग्लास नको म्हणून सांगा, कारण फार गार बीअरची चवच कळत नाही. सहा-सात अंश पुरे. चकणा खारे दाणे किंवा तळलेला बोंबील. पहिला घोट कडू लागेल. मत देण्याआधी निदान अर्धा ग्लास संपवा, कारण धान्याची गोडी जिभेला तिसऱ्या-चौथ्या घोटानंतर सापडायला लागते.

आणि कधी पिल्झेनला गेलात तर कारखान्याची फेरी नक्की करा. शेवटी जमिनीखालच्या तळघरात, लाकडी पिंपातून, न गाळलेली आणि न तापवलेली बीअर देतात. स्वेटर सोबत ठेवा, खाली चांगलंच गार असतं.