जुन्या गाडीचं वायरिंग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घरची १९६८ सालची अ‍ॅम्बेसेडर मार्क २ सहा वर्षं मळ्यातल्या शेडमध्ये उभी होती. शेजारीच कापूस भरलेला असायचा. उंदरांनी बॉनेटखालचं वायरिंग कुरतडलंय. बॅटरी जोडताच डॅशबोर्डमागून धूर आला, पण दोन्ही फ्यूज शाबूत आहेत. मिस्त्री म्हणतात, सगळं वायरिंग नवं टाका. जुनं वाचेल का? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : बहुतेक वाचेल. तपासल्याशिवाय नव्या वायरिंगला पैसे घालू नका आणि तोवर बॅटरी काढूनच ठेवा.

फ्यूज न उडता धूर आला, यातच अर्धं उत्तर आहे. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीच्या या वायरिंगमध्ये सेल्फच्या (स्टार्टर मोटरच्या) सोलेनॉइडकडून, म्हणजे चुंबकी स्विचकडून, कटआउटकडे (बॅटरीचं चार्जिंग जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पेटीकडे) आणि पुढे स्विचकडे जाणाऱ्या तपकिरी वायरींना फ्यूज नसतोच. फ्यूज दोनच. एकावर जांभळ्या वायरी, दुसऱ्यावर चावी फिरवल्यावर चालू होणाऱ्या हिरव्या. हेडलाइटच्या निळ्या वायरीही फ्यूजविना. म्हणून शोध तपकिरीपासून सुरू करा.

बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जातं ते आधी पाहा. या वयाच्या काही गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला असतं आणि उलट जोडणीने कटआउटचे पॉइंट जळतात. मग १२ व्होल्ट, २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब होल्डरसकट घ्या. बॉडीला न जाणारी जाड केबल बॅटरीवरून सोडवा आणि टोक व केबल यांच्यामध्ये हा बल्ब जोडा. शॉर्ट कितीही मोठा असो, बल्बमधून पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जात नाही, त्यामुळे वायर जळत नाही. सगळे स्विच बंद, दरवाजे बंद. बल्ब भगभगीत पेटला तर शॉर्ट आहे. आता तपकिरी वायरी एकेक करून सोडवत जा. जी सोडवल्यावर बल्ब विझेल, दोष तिच्यात किंवा तिच्या पुढे. सोडवलेल्या प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधा आणि मोबाइलवर फोटो काढा. हा कंटाळा केला की पुढचे दोन दिवस वाया जातात.

खराब वायर सापडली की कुरतडलेल्या जागेपासून इन्सुलेशन सोलत जा. उंदराच्या मुतामुळे तांबं आतल्या आत हिरवं-काळं पडतं आणि काळ्या तांब्याला कथील धरत नाही. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापा. चार बोटं सोलूनही काळंच असेल तर ती वायर एका टर्मिनलपासून दुसऱ्यापर्यंत अखंड बदला. चांगल्या दिसणाऱ्या वायरी पेन्सिलीभोवती वाकवून पाहा. इन्सुलेशनला भेगा पडल्या तर त्याही गेल्या. निम्म्याहून जास्त वायरी अशा निघाल्या तरच मिस्त्रींचं खरं.

जोड देताना हीट श्रिंक नळी (तापवल्यावर आकसून जोडाला घट्ट बसणारी) आधी वायरीत ओवा. पिळलेल्या तांब्याला सोल्डरिंग आयर्नने तापवा आणि राळेचं कथील (आत राळ भरलेली सोल्डरची तार) त्यात उतरू द्या. अ‍ॅसिडचा फ्लक्स नको, तो तांबं खातो. सगळे जोड एकाच जागी आणू नका, चार-पाच सेंटीमीटर मागे-पुढे ठेवा. कथील लागलेली जागा ताठ होते आणि हादऱ्याने तिथेच तुटते, म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर बांधून घ्या. वरून कापडी टेप. साध्या पीव्हीसी टेपचा गोंद आपल्याकडच्या मे महिन्यात बॉनेटखाली वितळून गळतो. घरगुती वायर वापरू नका, बारीक तारांची ऑटो केबलच घ्या : मुख्य तपकिरी ६ स्क्वेअर एमएम, हेडलाइटला २.५, टेल लॅम्पला १. वायर पत्र्यातून जाते तिथे भोकात बसणारी रबरी कडी, म्हणजे ग्रोमेट, नवा हवाच.

शेवटी सोलेनॉइडवरून निघणाऱ्या तपकिरी वायरीत, सोलेनॉइडच्या अगदी जवळ, ३० अँपिअरचा फ्यूज होल्डरसकट बसवा. सेल्फच्या जाड केबलवर मात्र नाही. गाडीत वीज बनवणारा सी४० डायनॅमो २२ अँपिअरपर्यंत देतो, तेव्हा हा फ्यूज विनाकारण उडत नाही.

प्रश्न : जुन्या फियाटचे हेडलाइट मंद आहेत. १००/९० वॅटचे बल्ब टाकले तर लाइटचा स्विच चटका बसेल इतका तापतो. (चाळीसगाव)

उत्तर : ते बल्ब आजच काढा. १०० वॅटचे दोन म्हणजे १६ अँपिअरच्या वर, आणि ते सगळे त्या जुन्या स्विचमधून. ६०/५५ चे बल्ब लावा. दोन रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे चुंबकी स्विच) बसवा, एक अप्परला, एक डिपरला. बॅटरीकडून फ्यूजमधून २.५ स्क्वेअर एमएमची वायर थेट रिलेला द्या, जुना स्विच फक्त रिले ओढेल. १० अँपिअरला १ स्क्वेअर एमएमच्या पाच मीटर वायरीत जवळपास १ व्होल्ट जातो आणि तेवढ्याने उजेड पाव हिश्शाने घटतो.

मात्र त्याआधी अर्थिंग पाहा. लाइट चालू ठेवून बॅटरीचं बॉडीकडचं टोक आणि बल्बचा अर्थ यांच्यामध्ये मल्टीमीटर लावा. ०.२ व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थचा बोल्ट काढून खालचा पत्रा पॉलिश पेपरने उघडा करा, वायरीच्या टोकाचं थिंबल (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) नवं दाबा, बोल्ट घट्ट कसा आणि व्हॅसलीन लावा. अनेकदा एवढ्यावरच काम भागतं.

प्रश्न : दुरुस्तीनंतर उंदीर परत येऊ नयेत म्हणून काय करावं? (शिरपूर)

उत्तर : सरकी, बाजरी, ढेप यांची पोती गाडीच्या शेडमधून हलवा, तोच खरा उपाय. गाडी उभी असताना बॉनेट उघडं ठेवा. अंधाऱ्या, उबदार जागेतच उंदीर घर करतो. एअर क्लीनरच्या तोंडावर बारीक जाळी लावा, गाडी सुरू करण्याआधी ती आठवणीने काढा. बॅटरीचं एक टोक सोडून ठेवा. विष नको, मेलेला उंदीर सीटखाली सापडेपर्यंत गाडीत बसवत नाही.