वाचकांचे प्रश्न : निबंध माझा, मग भांडारात का नको?

प्रश्न : सशुल्क नियतकालिकात छापून आलेल्या माझ्या शोधनिबंधाची पीडीएफ मी संस्थेच्या रिपॉझिटरीत, म्हणजे संस्थेच्या ऑनलाइन भांडारात, चढवली. ग्रंथपालांनी ती परत पाठवली. असे का?

उत्तर : निबंध तुमचा असला तरी ती मांडलेली पाने प्रकाशकाची आहेत. एकाच निबंधाच्या तीन आवृत्त्या असतात. पहिली तुम्ही नियतकालिकाला पाठवलेली. दुसरी परीक्षकांच्या सूचनांनुसार सुधारलेली आणि संपादकांनी स्वीकारलेली, म्हणजे अ‍ॅक्सेप्टेड मॅन्युस्क्रिप्ट. तिसरी पृष्ठक्रमांक आणि प्रकाशकाचे बोधचिन्ह असलेली छापील. पुष्कळ प्रकाशक भांडारासाठी दुसरीला परवानगी देतात, तिसरीला क्वचितच. बहुतेकांजवळ मात्र नेमकी दुसरीच सापडत नाही! स्वीकृतीचे पत्र आले की त्याच दिवशी ती वर्ड फाइल वेगळी जपून ठेवावी. हरवली असेल तर ज्या संकेतस्थळावरून निबंध पाठवला तिथल्या आपल्या खात्यात शोधा, नाहीतर सहलेखकांना विचारा. छपाईआधी तपासायला आलेल्या प्रूफची पीडीएफ चालत नाही, कारण तिच्यावर प्रकाशकाची मांडणी झालेली असते.

नियतकालिकाचे धोरण ओपन पॉलिसी फाइंडर या संकेतस्थळावर (पूर्वीचे नाव शेर्पा रोमिओ) नियतकालिकाच्या नावाने किंवा आयएसएसएनने, म्हणजे त्याच्या ओळख क्रमांकाने, शोधता येते. तिथे दोन गोष्टी पाहा : कोणती आवृत्ती चालते आणि एम्बार्गो, म्हणजे फाइल खुली करण्याआधी थांबायची मुदत, किती. ही मुदत बहुधा ६ ते २४ महिन्यांची असते आणि सहसा प्रकाशनाच्या तारखेपासून मोजतात, स्वीकृतीच्या नव्हे. घोळ होतो तो इथेच. मात्र मुदत संपेपर्यंत थांबू नका, फाइल आजच जमा करा. भांडार ज्यावर चालते त्या डीस्पेस किंवा ईप्रिंट्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल खुली होण्याची तारीख घालता येते. तोवर शीर्षक आणि सारांश दिसतो, फाइल कुलूपबंद राहते आणि त्या दिवशी आपोआप उघडते. तुमच्या करारात वेगळे काही लिहिले असेल तर करारच खरा.

प्रश्न : प्रबंध भांडारात आहे, पण गूगल स्कॉलरवर (गूगलच्या शोधनिबंध शोधण्याच्या सेवेवर) सापडत नाही.

उत्तर : आधी पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. ओळ निवडताच आली नाही तर ती पाने म्हणजे नुसती स्कॅन केलेली चित्रे आहेत. ओसीआर (चित्रातली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणे) करून घ्या आणि निदान पहिली काही पाने डोळ्यांखालून घाला. ओळ चिकटली, पण इंग्रजी अक्षरांचा काला दिसला, तर मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात आहे. पडद्यावर तो छान दिसतो आणि शोधयंत्राला मात्र एक शब्द कळत नाही. मराठी प्रबंधांचे हे दुखणे फार जुने. मूळ फाइल युनिकोडमध्ये बदलून पीडीएफ नव्याने करा. जोडाक्षरे आणि रफार तपासल्याशिवाय चढवू नका, कारण रूपांतरात तेच आधी मोडतात.

ओळ नीट आली तर फाइलचा आकार पाहा. ५ एमबीच्या वर गेली तर गूगल स्कॉलर ती सहसा घेत नाही. चित्रांचे रिझोल्युशन उतरवा. शीर्षक पहिल्या पानावर सर्वांत मोठ्या अक्षरात आणि लेखकाचे नाव लगेच खाली हवे.

प्रश्न : बायोडेटात कोणती लिंक द्यावी?

उत्तर : ब्राउझरच्या पट्टीतली नको. सर्व्हर बदलला की ती मरते. भांडारातल्या नोंदीच्या पानावरचा हँडल, म्हणजे नोंदीचा कायमचा पत्ता, द्या. छापील आवृत्तीचा डीओआयही (प्रकाशकाकडून मिळणारा निबंधाचा कायमचा ओळख क्रमांक) सोबत असू द्या.