कोड चालला, पण जिल्हे कुठे गेले?

प्रश्न : आमची संस्था सार्वजनिक आरोग्यावर काम करते. महाराष्ट्रातील जिल्हानिहाय रुग्णसंख्येची २०२४ची फाइल आणि २०११च्या जनगणनेतील लोकसंख्येची फाइल जोडून दर लाख लोकसंख्येमागे रुग्णांचे प्रमाण काढायचे होते. पायथन ही संगणकाची भाषा मला जुजबी येते, म्हणून एआय सहायकाकडून पँडाज या तक्ते हाताळण्याच्या पायथनमधील साधनाचा कोड लिहून घेतला. तो एकही एरर न देता चालला आणि तक्ताही व्यवस्थित आला, पण मोजून पाहिले तेव्हा त्यात ३६ऐवजी २८च जिल्हे होते. असे का झाले, आणि असा कोड वापरावा की नाही?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कोड जरूर वापरावा, आणि आपण या वेळी केलेली मोजणी प्रत्येक वेळी करावी. पँडाजमधील ‘मर्ज’ या आज्ञेला वेगळे काही सांगितले नाही, तर ती दोन्ही फायलींत जुळणाऱ्या ओळी तेवढ्या ठेवते आणि बाकीच्या ओळी कोणतीही सूचना न देता वगळते. जिल्ह्याच्या नावावरून फायली जोडून द्या, असे सांगितल्यावर सहायकाने नेमके तेवढेच केले. या दोन फायलींमध्ये तेरा वर्षांचे अंतर आहे आणि त्या काळात जिल्ह्यांची नावे आणि हद्दी बदलल्या आहेत, हे त्याने आपणहून लक्षात घेतले नाही.

गळलेल्या आठ जिल्ह्यांपैकी चारांचे कारण सरळ आहे. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर हे जिल्हे २०११च्या यादीत औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगर या नावांनी आहेत, तर १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आलेला पालघर त्या यादीत असणेच शक्य नाही. उरलेले चार बहुधा स्पेलिंगमुळे गळले असावेत : जनगणनेच्या इंग्रजी यादीत बीडला ‘डबल ई’ऐवजी ‘आय’ आहे, बुलढाण्यात ‘एच’ नाही, गोंदियात जादा ‘वाय’ आहे आणि रायगडचा शेवट ‘डी’ऐवजी ‘आरएच’ने होतो. नामांतर झालेल्या तीन जिल्ह्यांचीच २०११ची लोकसंख्या सुमारे ९९ लाख भरते. राज्याची लोकसंख्या तेव्हा ११ कोटी २४ लाख होती, म्हणजे आपल्या तक्त्यातून जवळपास दर अकरा माणसांमागे एक माणूस केवळ नामांतरामुळे नाहीसा झाला.

ही तफावत दाखवल्यावर सहायक बहुधा अक्षरांचे साधर्म्य पाहून नावांच्या जोड्या लावण्याचा उपाय सुचवील. तो मी शिफारस करणार नाही. त्याने बीड जुळेल, पण उस्मानाबाद आणि धाराशिव यांच्या अक्षरांत साधर्म्य ते काय असणार? शिवाय पुढे हेच काम देशभराच्या फाइलवर करायचे झाले, तर औरंगाबाद बिहारमध्येही आहे आणि रायगढ छत्तीसगढमध्येही. म्हणून आजचे नाव, २०११चे नाव आणि जनगणनेतील जिल्ह्याचा सांकेतिक क्रमांक (पालघरला त्या यादीत नाव आणि क्रमांक नसल्याने त्याच्यासाठी एखादा वेगळा क्रमांक) अशी ३६ ओळींची सारणी एकदा स्वतः बसून करावी आणि दोन्ही फायली क्रमांकावरून जोडाव्यात. हे काम अर्ध्या तासाचे आहे आणि ते माणसानेच करण्यासारखे आहे.

मात्र मला अधिक काळजी वाटते ती जुळलेल्या २८ जिल्ह्यांपैकी एकाची. ठाणे जिल्हा दोन्ही याद्यांत त्याच नावाने आहे, त्यामुळे तो बिनबोभाट जुळला असणार. पण २०११ची १ कोटी १० लाखांहून अधिक लोकसंख्या ही अविभाजित ठाण्याची आहे आणि २०२४ची रुग्णसंख्या पालघर वगळून उरलेल्या ठाण्याची. छेदात सुमारे ३० लाख माणसे जास्त धरली गेल्यामुळे ठाण्यातील प्रमाण खऱ्यापेक्षा बरेच कमी दिसेल, आणि ओळींची कितीही मोजणी केली तरी ही चूक सापडणार नाही. त्यासाठी वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड या आठ तालुक्यांच्या २०११च्या आकड्यांची बेरीज करून ती पालघरच्या नावे लावावी आणि ठाण्यातून वजा करावी. (२०११ची लोकसंख्या २०२४साठी छेद म्हणून वापरली, की वाढत्या शहरी जिल्ह्यांचे प्रमाण उलट फुगते, याचीही अहवालात स्पष्ट नोंद हवी.)

यापुढे सहायकाला काम सांगताना अपेक्षित उत्तराचा आकारही सांगावा : जोडणीनंतर ३६ ओळी असाव्यात, प्रत्येक जिल्हा एकदाच यावा, रुग्णांची एकूण बेरीज जोडणीपूर्वीइतकीच राहावी आणि यांपैकी काही बिघडल्यास कोडने तिथेच थांबावे. ‘मर्ज’मध्ये ‘व्हॅलिडेट’ आणि ‘इंडिकेटर’ अशा दोन सोयी आहेत. पहिली एका जिल्ह्याच्या दोन ओळी आढळल्यास एरर देते आणि दुसरी कोणती ओळ कोणत्या फाइलमधून आली ते दाखवते. ‘इंडिकेटर’चा उपयोग व्हायचा तर दोन्ही फायलींतील सर्व ओळी ठेवण्यास सांगावे लागते. सहायक या सोयी उत्तम वापरतो, पण बहुतेक वेळा त्याला तसे सांगावे लागते.

प्रश्न : रुग्णालयातील खर्चाची सरासरी काढताना कोडने एरर दिली. ती सहायकाला दाखवताच त्याने दुरुस्त कोड दिला आणि तो चालला, पण सरासरी पाचशे रुपयांच्या आसपास आली. हे कसे शक्य आहे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या कोडमध्ये ‘कोअर्स’ हा शब्द शोधून पाहावा. मजकुराचे संख्येत रूपांतर करताना जे रूपांतरित होणार नाही ते रिकामे समजा, असा त्याचा अर्थ आहे. आपल्याकडे खर्च ‘१,२५,०००’ असा स्वल्पविराम देऊन लिहिलेला असतो आणि स्वल्पविराम असलेला मजकूर ही आज्ञा संख्या मानत नाही. त्यामुळे हजार आणि त्यापुढचे सगळे खर्च रिकामे झाले, हजाराच्या आतले तेवढे टिकले आणि सरासरी काढताना पँडाजने रिकाम्या जागा सोडून दिल्या. आधी स्वल्पविराम काढून टाकावेत, मग रूपांतर करावे. एरर घालवा, असे सहायकाला कधीही सांगू नये; एरर कोणत्या ओळींमुळे आली ते दाखवा, असे सांगावे. रिकाम्या जागी शून्य भरण्याची किंवा अपुऱ्या ओळी वगळण्याची सूचना त्याने केली, तर आधी अशा ओळी किती आणि कोणत्या आहेत ते स्वतः पाहावे.

प्रश्न : रुग्णांची यादी थेट सहायकाला दिली तर चालेल का? नावे काढून टाकण्याची आमची तयारी आहे.
– एक वाचक, परभणी

उत्तर : देऊ नये. लहान गावात वय, गावाचे नाव आणि निदानाची तारीख एवढ्यावरून माणूस ओळखता येतो, त्यामुळे नाव काढणे पुरेसे नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे, आणि कायदा नसता तरी रुग्णाने विश्वासाने दिलेली माहिती अशी बाहेर जाऊ देणे योग्य नव्हते. कोड लिहिण्यासाठी सहायकाला रकान्यांची नावे, प्रत्येकातील माहितीचा प्रकार आणि आपण मनाने रचलेल्या चार-पाच ओळी पुरतात. तो कोड मग संस्थेच्या संगणकावर खऱ्या फाइलवर चालवावा. एररचा मजकूर सहायकाला पाठवतानाही तो आधी वाचून घ्यावा, कारण ज्या नोंदीवर कोड अडतो ती नोंद पुष्कळदा त्या मजकुरात जशीच्या तशी छापलेली असते.